बर्फात जायला कारण लागत नाही

आमच्या घरात प्रवासाला कारण लागतं. लग्न, मय्यत, दर्ग्याचा उरूस, मुलांच्या परीक्षा, दवाखाना. आणि नशिबात असेल तर हज किंवा उमराह. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही प्रवास 'उगीच' केला नाही. सासरीही तेच. त्यामुळे मी जेव्हा सांगितलं की, आम्ही तिघं जानेवारीअखेर काश्मीरला गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार आहोत, तेव्हा घरात थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग सासूबाईंनी सोलापुरी दखनीत विचारलं, "वां इत्ती थंडी में जाको करते क्या गे?"

खरं कारण माझी लेक. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकच खेळाडू उतरला होता, आरिफ खान. गुलमर्गच्या पायथ्याशी वाढलेला, स्कीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराचा मुलगा. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला. ४५व्या नंबरचं कौतुक कुणी करत नाही, पण माझ्या तेव्हा दहा वर्षांच्या मुलीनं ते डोक्यात ठेवलं. आता ती नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, मग अकरावी-बारावी. म्हणजे यंदा नाही तर पुढची तीन-चार वर्षं नाहीच.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कुठलाही धडा शिकवण्याआधी टाचण काढायची सवय आहे. या सहलीचंही टाचण काढायला बसले, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात अवघड प्रश्न पैशांचा नसून तारखांचा आहे. आपल्याकडे शाळेच्या मोठ्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. बर्फाला या दोन्हींशी देणंघेणं नाही. गुलमर्गमध्ये स्कीइंगचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतोय. २६ जानेवारीला झेंडावंदनाला शिक्षकानं हजर राहायलाच हवं, आणि मला ते आवडतंही. उरले २७ जानेवारी ते १ फेब्रुवारी. पाच किरकोळ रजा आणि एक रविवार.

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन तुकडे करतात, हे मला तारखा शोधताना नीट कळलं. २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्ले कलां', मग २० दिवस 'चिल्ले खुर्द' आणि शेवटचे १० दिवस 'चिल्ले बच्चा'. शब्द ओळखीचे वाटले. आपण बाळंतिणीचा चिल्ला म्हणतो, सूफींचा चिल्ला म्हणतो, तो हाच. फारसीत चिहिल म्हणजे चाळीस. कलां म्हणजे थोरला, खुर्द म्हणजे धाकटा. आपल्या गावांच्या नावांतलं बुद्रुक आणि खुर्द आठवा. आम्ही पोहोचू तेव्हा थोरला चिल्ला संपत आलेला असेल.

शब्द ओळखीचे निघाले म्हणून प्रदेश ओळखीचा होत नाही, हे मात्र सांगायला हवं. कारण याच मुद्द्यावर मला स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकावं लागलं. मी रजेचा अर्ज लिहीत होते. एका सहकाऱ्यानं विचारलं, "काश्मीर? भीती नाही वाटत?" दुसऱ्यानं मी बोलायच्या आत उत्तर दिलं, "यांना कसली भीती? तिथे सगळे यांचेच."

त्यात खोडसाळपणा होता की नुसती सवय, मला माहीत नाही. पण ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि रात्रभर त्याचा हिशोब करत राहिले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. माझ्या भाषेत बोलणारी माणसं, माझ्यासारखीच रजा टाकून, पैसे साठवून गेलेली. धर्म विचारून मारलं, असं वाचलेल्या नातेवाइकांनी सांगितलं. आणि त्याच कुरणात सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला गेला आणि मारला गेला. आता यांतले माझे कोण? मला तर दोघेही माझे वाटतात. ज्यांनी गोळ्या घातल्या ते मात्र माझे नाहीत, आणि त्यांच्याशी माझं नातं मला न विचारता कुणी जोडू नये.

दुसऱ्या दिवशी मी त्या सहकाऱ्याला एवढंच म्हणाले, "सर, मी तिथे कुणालाच ओळखत नाही. तुम्ही गेलात तर जेवढे अनोळखी, तेवढीच मीही." ते हसले. विषय तिथेच राहिला.

पण मी मनापासून म्हणत होते. काश्मिरी ही वेगळी भाषा आहे, माझं उर्दू तिच्या जवळपासही जात नाही. 'वारय छिवा', म्हणजे 'बरे आहात ना', एवढं मी पाठ केलंय. नमाज एक असली तरी भात शिजवायची, पाहुण्याशी बोलायची, भाव करायची रीत वेगळी. श्रद्धा सारखी आहे म्हणून ओळख आपोआप होत नाही. ती चौकशी करूनच करावी लागते. म्हणून मी चौकशीला लागले.

आधी पर्याय तपासले. उत्तराखंडात औली आहे. तिथे गढवाल मंडळाचे स्कीइंगचे वर्ग सात आणि चौदा दिवसांचे असतात, म्हणजे आमच्या रजेबाहेर. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि औलीला जाणारा रोपवे बंद पडला. हरिद्वारहून डोंगरी रस्त्यानं जायला अख्खा दिवस. हिमाचलात मनालीजवळ सोलंग आहे, पण दिल्लीपुढे रात्रभराची बस. सहा दिवसांत जाऊन-येऊन शिकायला वेळ उरेल असं एकच ठिकाण दिसलं. पुण्याहून विमान, दिल्लीत बदल, श्रीनगर. तिथून गुलमर्ग ५० किलोमीटरच्या आसपास.

सुरक्षेबद्दल स्वतःला फसवायचं नव्हतं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, पहलगाम अनंतनाग जिल्ह्यात, दिशा वेगळ्या. पण गुलमर्ग नियंत्रणरेषेपासून फार लांब नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जवळच बोटापथरी भागात लष्कराच्या वाहनावर हल्ला होऊन जवान आणि हमाल मारले गेले. हे सगळं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. यांनी विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग ज्या जागा उघड्या आहेत तिथेच जायचं, आडवाटेला जायचं नाही, आणि निघायच्या आदल्या दिवशी परिस्थिती वाईट असेल तर जायचंच नाही." म्हणून हॉटेल असं घेतलं की रद्द केलं तर बहुतेक पैसे परत मिळतात.

बर्फाचीही खात्री नाही. जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ सगळा महिना गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ मध्ये 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भरपूर बर्फ पडल्यावर हिमस्खलन झालं आणि एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. म्हणजे कमी पडला तरी पंचाईत, एकदम पडला तरी पंचाईत. हॉटेलवाल्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, आप आइए, बर्फ का अल्लाह मालिक है." उत्तर शंभर टक्के खरं, पण टाचणात लिहिता येईना.

म्हणून टाचण असं केलं. २६ला झेंडावंदन उरकून दुपारी पुण्याकडे. २७ला श्रीनगर, आणि रात्री तिथेच मुक्काम. गुलमर्गची उंची सुमारे २६५० मीटर. अडीच हजारांच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ होते. सोलापूरच्या माणसानं एका दिवसात तिथे चढून लगेच धावपळ करू नये. २८ला टंगमर्ग. बर्फ असला की तिथून वर फक्त चेन लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्या सोडतात, म्हणून श्रीनगरची टॅक्सी तिथपर्यंतच ठरवली. त्या दुपारी फक्त बूट मापाचे निवडायचे. स्कीचे बूट सैल असले तर पाय वळतो आणि पट्टी वळत नाही, असं शिकवणाऱ्यानं फोनवर बजावलंय. २९ आणि ३० शिकायचे दिवस. ३१ तारीख रिकामी. हवा चांगली असेल तर सकाळी पुन्हा बर्फात, दुपारी खाली. हवा बिघडत असेल तर सकाळीच खाली. १ फेब्रुवारीच्या विमानाआधीची रात्र श्रीनगरातच. बर्फानं विमानं रद्द होतात, म्हणून मुख्याध्यापकांना २ तारखेची कल्पना देऊन ठेवलीय.

शिकवणाऱ्याला मी चार प्रश्न विचारले. एका वेळी किती जणांना शिकवता? नोंदणी आहे का? पहिला दिवस कुठे? लेकीला न विचारता वरच्या उतारावर न्याल का? चौथ्याला तो जरा दुखावला, पण 'नाही' म्हणाला. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३९५० मीटरवर. वरचे उतार जाणकारांचे. आम्ही गावालगतच्या सौम्य उतारावरच राहणार. मोठ्या गोंडोलाचं तिकीट घेतलंच तर पहिल्या टप्प्याचं, तेही बघायला.

थांबायचं कसं, हे मात्र मला आधीच कळलंय. स्कीची पुढची टोकं एकमेकांजवळ आणायची, मागची लांब करायची. उर्दूतला आठचा आकडा जसा दिसतो, वर टोक आणि खाली दोन पाय फाकलेले, अगदी तसा आकार. लेकीला सांगितलं, "उतारावर घाबरलीस की उर्दूतला आठ काढ." ती आता घरात मोज्यांवर घसरत आठ काढत असते.

कपड्यांवरून अम्मींशी, म्हणजे सासूबाईंशी, बराच वाद झाला. त्यांना सोबत सोलापुरी चादर द्यायची होती. आमच्या गावाची शान आहे ती, पण सुती. सुती कापड घामानं किंवा बर्फानं ओलं झालं की अंगावर गार पडतं आणि लवकर वाळत नाही. आत थर्मल, त्यावर लोकरी, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट, असे तीन थर हवेत. हेल्मेटखाली ओढणी गुंडाळली तर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून डोकं-मान झाकणारी पातळ टोपी घेतली. प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून यांचा नंबर पोस्टपेड करून घेतला. आणि विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेत का, ते आधी वाचलं. बऱ्याचदा वगळलेले असतात.

अम्मींचा शेवटचा प्रश्न खरा होता. "वुजू कैसा करते? पानी तो बरफ रहता." त्यांना आठवण करून दिली की मुसाफिराला चामडी मोज्यांवर मसह करायची तीन दिवस-रात्रींची सवलत आहे, आणि नमाजही कसर. त्यांना हे माझ्याआधीपासून माहीत होतं. बहुधा मला आठवतंय का, ते बघायचं होतं.

शेजारच्या खालांनी वेगळा मुद्दा काढला. "इत्ते पैशे में उमराह का आधा खर्चा निकलता था." मी वाद घातला नाही. उमराहचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत आणि त्याला हात लावलेला नाही. पण मला वाटतं, आपल्या मुलींनी फक्त पुण्यासाठी, दुखण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या लग्नासाठीच घराबाहेर पडावं, हे बरोबर नाही. खेळणं, पडणं, उठणं यासाठीही पडावं. हे बोलायला सोपं. पण तिकीट काढलं तेव्हा मला स्वतःलाच कारण द्यावंसं वाटत होतं, आणि शेवटी मी ते दिलं नाही.

बर्फ नसेलच, तर टंगमर्गजवळ बाबा रेशींची जियारत आहे. तिथे जाऊन अम्मींच्या नावानं दुआ मागू. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "फिर पहले ही बोलती ना," म्हणाल्या. म्हणजे अखेर त्यांना त्यांचं कारण मिळालं.

तिकिटं काढून झालीत. रजेचा अर्ज मंजूर आहे. तेवढी निवडणुकीची ड्युटी लागू नये, यासाठी वाचकांनी दुआ करावी. शिक्षकाच्या नियोजनात बर्फापेक्षा तिचाच भरवसा कमी.