भोक मोठं करता येतं

बीएडच्या परीक्षेत 'नई तालीम'वर प्रश्न आला होता. १९३७ची वर्धा परिषद, गांधीजींचा विचार, डॉ. झाकिर हुसेन समिती, हाताच्या कामातून शिक्षण. दोन पानं भरून लिहिलं, गुणही चांगले पडले. त्याच वर्षी कॉलेजच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं होतं. माझे अब्बा सुतार.

अब्बांनीही मला कधी करवत धरू दिली नाही. "तू शीक," एवढंच म्हणायचे. मी शिकलो, शिक्षक झालो. पंचेचाळिशीपर्यंत लाकडाला हत्यार म्हणून लावलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वर्गासाठी स्पीकरची पेटी करायला घेतली. मोबाइलवर लावलेली कविता शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. साडेसहा इंची स्पीकर आणला, दुकानातून १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या फळ्या कापून आणल्या. उघडा स्पीकर वाजवला तर त्याचा खर्ज हरवतो. पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची ओढत असतो. दोन्हीकडचा आवाज एकमेकांत मिसळला की खालचे सूर मरतात. पेटी या दोघांना वेगळं ठेवते. म्हणून पुढच्या फळीतलं गोल भोक नेमकं हवं, कडेला फट राहता कामा नये.

मी मोजपट्टीने स्पीकर मोजला. बाहेरची कड १६५ मिलिमीटर. तेवढंच वर्तुळ काढलं, ड्रिलने आत एक छिद्र पाडलं, त्यातून जिगसॉचं पातं घातलं आणि गोल फिरवलं. स्पीकर बसवायला गेलो तर तो सरळ पेटीत पडला. कडेवरच तर स्क्रूची भोकं असतात, ती टेकायला लाकूडच उरलं नव्हतं. मागचा भाग मोजायला हवा होता. तिथे माप १४२ होतं, म्हणजे भोक १४५चं पुरलं असतं.

अब्बा बाजेवर बसून सगळं पाहत होते. आता त्यांचे हात थरथरतात. हसले नाहीत. म्हणाले, "छेद बड़ा करने आता, छोटा करने नै आता." मग बारा मिलिमीटरचा प्लायचा तुकडा मागितला. मध्यभागी खिळा ठोकायला लावला, त्याला दोरा, दोऱ्याला पेन्सिल. एकाच खिळ्यावरून दोन वर्तुळं: आतलं १४५चं, बाहेरचं २००चं. दोरा प्रत्येक वेळी तेवढाच ताणायचा, सैल पडला तर वर्तुळ बटाट्यासारखं होतं. पातं रेघेवर नाही, टाकाऊ बाजूला ठेवायचं. उरलेलं पॉलिश पेपरने घासून रेघेपर्यंत यायचं. वळणावर घाई केली की पातं खालून वाकतं, वर गोल दिसतं आणि मागे तिरकं निघतं. आधी आतलं भोक कापायचं, मग बाहेरची कड, म्हणजे तुकडा धरायला जागा राहते.

ती कडी फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून फळीवर पुढून बसवली. स्पीकर तिच्यात चपखल बसला. अब्बांनी गाणं लावायला सांगितलं आणि तळहात कडेभोवती हळूहळू फिरवला. कुठून हवा येते का, ते पाहत होते. हात थरथरत होता, पण एका जागी थांबला. तिथे बारीक फट होती. मी ती फेव्हिकॉल आणि भुशाने बुजवली.

मग मी त्यांना कॉलेजच्या त्या अर्जाबद्दल सांगितलं. पंचवीस वर्षांनी. ते थोडा वेळ गप्प राहिले. "मालूम था," म्हणाले. "फारम पर मेरीच सही थी ना."

पेटी आता वर्गात आहे. ती कडी मुद्दाम केलेली नक्षी आहे असं मुलांना वाटतं. मी त्यांना खरं सांगतो: चूक माझी, कडी माझ्या वडिलांची. ते सुतार आहेत.