भरवणारे हात

आमच्याकडे आजाऱ्याची चौकशी जेवणापासून सुरू होते. ताप उतरला का, हे मागाहून. आधी ‘पोटात काही गेलं का?’ त्यामुळे आत्याने नोटरीसमोर करून ठेवलेल्या कागदात मला जड गेली ती व्हेंटिलेटरची ओळ नव्हे. शुद्ध परत येण्याची आशा नसेल तर नळीने अन्न देऊ नये, ही ओळ.

कागद पक्का होता. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असं इच्छापत्र मान्य केलं; २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट जाऊन नोटरी चालू लागला. मृत्यू आणणारं इंजेक्शन आपल्याकडे आजही गुन्हाच. पक्षाघातानंतर आत्या बरेच दिवस नळीवर होती. मग रुग्णालयात डॉक्टरांची एकामागून एक दोन मंडळं बसली, दोन्हींचं मत सारखं पडलं, आणि कागदात नाव माझं असल्याने संमतीची सही मी केली.

सही होऊन जाते. हातांची सवय जात नाही. सिरिंजचा दट्ट्या काढायचा, ती उंच धरायची, गाळलेली पेज आपल्या वजनाने उतरू द्यायची, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. नळी काढली तरी दुपारी दोनला मी गॅसपाशी उभी. तिला भूक जाणवत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तरी उभी. उरलं होतं ते तोंड पुसणं: बोटाला ओलं गॉज गुंडाळून जिभेवरून, गालाच्या आतून फिरवायचं, ओठांना तूप लावायचं. नर्सताईंनी दाखवल्यावर ते मी दिवसातून कितीदा केलं असेल! शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, “म्हणजे उपाशीच ठेवलंत?”

१९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. त्यांच्या निश्चयाबद्दल सगळे बोलतात. उशाशी बसलेल्यांना घास गिळताना काय होत असेल, हे कुणी विचारत नाही. आणि केईएमच्या परिचारिका! अरुणा शानबाग यांना त्यांनी १९७३ पासून सांभाळलं. २०११ मध्ये दयामरणाची याचिका फेटाळताना न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला, आणि त्यांना अरुणा हव्या होत्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. पण अरुणांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. आत्याने ठेवलं होतं, शाळेच्या फळ्यावरच्या त्याच वळणदार अक्षरात.

दादा अजूनही म्हणतो, “महिनाभर थांबायला हवं होतं.” मी वाद घालत नाही. आत्याला गिळता येत होतं तोवर, ऑफिसातून आल्यावर बूटही न काढता तो तिला मऊ भात भरवायचा.