आकाशात कुणी आडनाव विचारत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत आम्ही एका मुलाला सगळ्यांसमोर रागावलो. वय सतरा, बारावी कला शाखा. समोर राज्यशास्त्राचे पुस्तक उघडे आणि पुस्तकाच्या आत मोबाईल. मोबाईलवर लढाऊ विमानांचा खेळ चालू. आम्ही नेहमीचे भाषण दिले. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तुम्ही काय करता, वगैरे. मुलाने मान खाली घातली, मोबाईल खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकेत यायचा बंद झाला.

त्याला जे सांगितले नाही ते आज इथे कबूल करतो. त्याच रात्री दहानंतर आम्ही तिघे मित्र एकाच्या खोलीवर बसून ‘एस कॉम्बॅट ७’ खेळत होतो. आमची वये तिशीच्या पुढची. दिवसभर शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, मोर्चाची पत्रके आणि रात्री हातात कंट्रोलर. सकाळी विहारात पंचशील म्हणायचे आणि रात्री शत्रूची विमाने पाडायची. या विसंगतीबद्दल आम्ही आपसातसुद्धा बोलत नव्हतो. त्या मुलामुळे बोलावे लागले.

पहिला प्रश्न, हा खेळ आवडतो का? रक्ताची आवड म्हणून नक्कीच नाही. त्यात रक्त दिसतच नाही. ढगांतून विमान वर काढले की काचेवर थेंब जमतात, वळण घेताना क्षितिज आडवे होते, खाली समुद्र चमकतो. नाशिकमध्ये वाढलेल्यांना विमानाचे वेड लागायला वेगळे कारण लागत नाही. ओझरच्या कारखान्यात आधी मिग-२१ तयार झाली, नंतर सुखोई-३०. लहानपणी आवाज आला की आम्ही पत्र्याच्या घरातून बाहेर पळायचो आणि विमान दिसेनासे होईपर्यंत मान वर करून उभे राहायचो. या खेळात मिग-२१ आहे, सुखोई-३० च्या कुळातलेही विमान आहे. जे आयुष्यभर खालून पाहिले ते पहिल्यांदा आतून पाहायला मिळते.

पण खरे आकर्षण याहून खोल आहे. या खेळात तुम्ही काय केले ते लगेच कळते. विमान पाडले की रेडिओवर सहकारी बोलतात, शत्रूचे वैमानिकही बोलतात. सुरुवातीला तुम्ही कुणीच नसता. काही मोहिमांनंतर शत्रू तुमची खूण ओळखू लागतो, घाबरू लागतो. मुलाखत नाही, शिफारस नाही, ‘कोट्यातून आलात का’ असे विचारणारा सहकारी नाही. ज्या समाजाच्या कामाचे श्रेय कायम दुसऱ्याच्या नावावर लागले, त्या समाजातल्या पोराला ही गोष्ट किती गोड लागत असेल याचा विचार करा. आकाशात कुणी आडनाव विचारत नाही.

गणवेशाचे आकर्षणही आम्हाला नवे नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर आम्ही दर १ जानेवारीला जातो. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला, वडील सुभेदार. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाला अर्ज लिहावे लागले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्याने आमच्या आजोबा-पणजोबांना शाळा दिली, पगार दिला, ताठ चालायला शिकवले. म्हणून आमच्या घरात विमानाचे किंवा बंदुकीचे चित्र लागले तर त्याला नुसता युद्धज्वर म्हणता येणार नाही. त्यामागे सन्मानाची भूक आहे.

‘एस कॉम्बॅट ७’ ची कथा नेमकी या भुकेवर बोट ठेवते. हा जपानी कंपनीचा खेळ २०१९ मध्ये आला. विमाने खरी, देश काल्पनिक. नायकाचे टोपणनाव ट्रिगर. ओसिया नावाच्या देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षाची हत्या केल्याचा खोटा ठपका त्याच्यावर येतो आणि त्याची रवानगी कैदी वैमानिकांच्या तुकडीत होते. त्यांचा तळही बनावट. शत्रूने खरे तळ सोडून इथे बॉम्ब टाकावेत म्हणून मांडलेला देखावा. कैद्यांनी आमिष म्हणून उडायचे. मेले तर मेले. विमानाच्या शेपटीवर प्रत्येकाच्या गुन्ह्याच्या रेघा रंगवलेल्या; ट्रिगरच्या विमानावर तीन. पुढे तो इतका भारी ठरतो की त्याच तीन रेघा पाहून शत्रू हादरतो. कलंकाची खूण सन्मानाची खूण होते.

पहिल्यांदा हे खेळलो तेव्हा आम्ही तिघेही गप्प झालो होतो. ही तर आपलीच गोष्ट, असे वाटले. अंगावर डागलेली खूण, वर बसलेला अधिकारी, आमिष म्हणून पुढे ढकललेली माणसे.

दुसऱ्यांदा खेळताना मात्र एक गोष्ट खुपू लागली. ट्रिगरला त्या तुकडीतून बाहेर काढले जाते, कारण तो सर्वांत कुशल आहे. बाकीच्या कैद्यांचे काय? त्यांच्यातही खोटे आरोप लागलेले कुणी असतील. ते साधारण उडवतात, म्हणून त्यांचे मरण कुणाला खटकत नाही. म्हणजे माणूस म्हणून वागवले जाण्यासाठी आधी असामान्य असायला हवे. मित्रांनो, ही अट आम्ही कुठे ऐकली आहे? ‘तुमच्यातले हुशार आहेत त्यांना आम्ही मानतोच की’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक महाविद्यालयात ऐकले आहे. ब्राह्मणी व्यवस्था एखाद्या ट्रिगरला टाळ्या वाजवते आणि तेवढ्या टाळ्यांवर हजारोंचा हिशेब मिटवते. चवदार तळ्याचे पाणी गुणवत्ता यादीतल्यांसाठी मागितले नव्हते. बाबासाहेबांची मागणी सामान्य माणसाच्या हक्काची होती, ज्याला काहीच विशेष येत नाही त्याच्यासुद्धा.

दुसरी खुपणारी गोष्ट जमिनीची. या खेळात फार्बांटी नावाच्या राजधानीवर मोठी लढाई होते. शहर अर्धे पाण्यात बुडालेले. आम्ही इमारतींच्या मधून विमान नेले, विमाने पाडली, गुण मिळवले. पाडलेले विमान कुणाच्या घरावर पडले, ते पडद्यावर येत नाही. गंमत अशी की याच मालिकेतल्या २००१ च्या चौथ्या खेळाला हे ठाऊक होते. त्यातली गोष्ट सांगणारा एक मुलगा आहे. पाडलेले विमान त्याच्या घरावर कोसळते आणि त्याचे कुटुंब मरते. ज्याने ते विमान पाडले त्या शत्रूच्या वैमानिकाशी त्याची पुढे ओळख होते, माया जडते. आकाशातला विजय खालच्या गल्लीत कसा दिसतो, हे त्या खेळाने दाखवले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खालच्या गल्लीतलेच. आकाशात जात दिसत नाही, कारण तिथे वस्ती नसते, पाणवठा नसतो, शाळा नसते. जात जमिनीवर असते आणि तिथेच मोडावी लागते. नाशिकमध्ये १९३० साली लोक काळाराम मंदिराच्या दारात जमिनीवरच बसले होते.

मग बौद्धाने हा खेळ खेळावा का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी, प्रेत पाहणे हे मानलेले नाही. कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेले भांडण. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो, दोन्हीकडची दोन-दोन माणसे आणि त्यांनी निवडलेला पाचवा अशी समिती सुचवतो. बहुमत युद्धाच्या बाजूने जाते. सिद्धार्थ मान तुकवत नाही. घरच्यांवर बहिष्कार आणि जप्ती येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो. तो भित्रा नव्हता, शस्त्रविद्या शिकलेला क्षत्रिय होता. याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. बुद्धाचा विरोध इच्छेला आहे.

ही कसोटी आम्ही स्वतःला लावली. पडद्यावरचे विमान फुटते तेव्हा आम्हाला आनंद होतो, हे खरे. पण तो आनंद नेमका कशाचा, जमलेल्या वळणाचा की समोरचा संपल्याचा? पहिला असेल तर खेळ आहे. दुसरा असेल तर सावध व्हावे, कारण अशी इच्छा सरावाने वाढते आणि ती वाढवायला बाहेर बरेच जण टपलेले आहेत. भारतीय वायुदलाने २०१९ मध्ये स्वतःचा मोबाईल खेळ आणला, तो तरुणांना दलाकडे ओढण्यासाठीच. ओढ लावायला हरकत नाही. पण ओढ लागलेल्या पोराला दार कुठे आहे, हे कोण सांगणार?

आता त्या मुलाकडे येतो. तीन आठवड्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि आधी माफी मागितली. आम्हीही खेळतो, हे सांगितले. तो हसला. म्हणाला, “दादा, गेममध्ये चांगलं खेळलं की लगेच कळतं. कॉलेजात काहीच कळत नाही.” मग हळूच विचारले, “खरा पायलट व्हायचं तर काय लागतं?”

आम्ही सांगितले. बारावीनंतर एनडीए, खडकवासला. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. वायुदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे.

तो म्हणाला, “मग दहावीत का नाही सांगितलं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दहावीला त्याला बऱ्यापैकी गुण होते. विहारातल्या गुणगौरव समारंभात आम्हीच त्याला पुष्पगुच्छ आणि पुस्तक दिले, फोटो काढला, भाषणे केली. कोणती शाखा घेणार, हे कुणी विचारले नाही. सायन्स घेतले की क्लास लावावा लागतो, क्लासची फी परवडत नाही, म्हणून त्याने कला शाखा घेतली. सोळाव्या वर्षी वैमानिकाचे दार बंद झाले. कुणी जात विचारली नाही, आडनाव विचारले नाही. फक्त गणित विचारले. व्यवस्था आता अशीच काम करते आणि आम्ही त्या वेळी फोटो काढत होतो.

या वर्षीपासून आम्ही गुणगौरवाचा खर्च निम्मा केला आहे. त्या पैशातून नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी गणिताचा वर्ग चालतो. निकालानंतर कार्यकर्ते प्रत्येक घरी जाऊन शाखेबद्दल बोलतात. तो मुलगा आता अग्निवीर वायूची तयारी करतो. तिथे कला शाखा चालते. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौघांतला एक कायम होतो, हेही त्याला सांगितले आहे. त्याने ऐकून घेतले आणि फॉर्म भरला.

रविवारी धम्मवर्ग संपला की तो आमच्याबरोबर तासभर खेळायला बसतो. आमच्यापेक्षा चांगला खेळतो. आता त्याचा धाकटा भाऊ दहावीला आहे. गणिताच्या वर्गाला तो येतो की नाही, याच्यावर आमची नजर आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!