मध्येच अडकलेले पैसे

भोपाळच्या चौक बाजारात जरीचे बटवे विकणाऱ्यांना उधारी काही नवी नाही. पण तिथे उधारी कुणाकडे आहे ते माहीत असतं, दुकानात जाऊन मागता येतं. माझी मावशी घरी बटवे बनवून ऑनलाइन विकते. दिवाळीत माल छान गेला, आणि मग मोबाईलवर मेसेज आला : पडताळणी बाकी, तोवर पैसे रोखले आहेत. आधार, पॅन, पासबुक सगळं दोनदा पाठवलं. उत्तर दर वेळी तेच, खाली कुणाचं नाव नाही. जरीवाला मात्र थांबेना. त्याला भिशीच्या पैशातून द्यावे लागले.

मी कायदा शोधला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मावशीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “अगं, पण माझं गिऱ्हाईक कोण? बटवा घेणारीनं तर पैसे कधीच दिले!” खरंच की. कंपनी म्हणणार, आम्ही खरेदीदार नाही, फक्त मध्यस्थ.

फसवे विक्रेतेही असतात, तेव्हा पडताळणी हवीच. पण पैसे अडवताना कारण, मुदत आणि बोलायला एक माणूस, एवढं तरी मिळायला नको का? मावशीचे पैसे अजून आलेले नाहीत. नवा माल तिने तिथे टाकलेला नाही.