ताट दारापर्यंत आणण्याचे पैसे

माझा एक जुना विद्यार्थी क्रूझ जहाजावर नोकरी करतो. मुलगा बल्लारपूरचा. वडिलांचं पंक्चरचं दुकान. दहावीपर्यंत उर्दू शाळा, मग नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट, आणि तिथून थेट समुद्र. वर्धा नदीपेक्षा मोठं पाणी ज्यानं कॉलेजात जाईपर्यंत पाहिलं नव्हतं, तो आता वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावरच राहतो. सुट्टीवर आला की भेटायला येतो. चॉकलेटचा डबा आणतो आणि दोन तास बोलतो. कोकणातल्या आपल्या लोकांना हे नवीन नाही, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी जहाजावर असतंच. आमच्या चंद्रपुरात मात्र 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'जहाजावर असतो' असं उत्तर दिलं की लोक एकदा वर बघतात.

जहाजावर तू नक्की करतोस काय, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "आपा, रूम सर्व्हिस." म्हणजे प्रवाशानं खोलीतून फोन करायचा आणि यानं ताट घेऊन जायचं. रात्री दोन वाजता कुणाला सँडविच हवं असतं, पहाटे कुणाला चहा, मूल आजारी पडलं तर सूप. मोठ्या जहाजावर हजारो प्रवासी आणि मैलभर वाटावेत असे लांब बोळ. ताट झाकलेलं, हात खांद्याच्या उंचीवर, आणि खाली जहाज हलतंय. त्यानं आमच्या बैठकीत स्टीलची परात घेऊन करूनही दाखवलं. अम्मी हसून हसून दमल्या.

हे सगळं पूर्वी तिकिटात असायचं. क्रूझची मूळ कल्पनाच ती होती: एकदा पैसे भरले की खोली, जेवण, नाच-गाणं सगळं आलं, पुन्हा खिशात हात घालायचा नाही. मग कंपन्या एकेक गोष्ट तिकिटातून बाहेर काढू लागल्या. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2015 साली रूम सर्व्हिसच्या प्रत्येक ऑर्डरवर 7.95 डॉलर लावले. 2017 मध्ये रॉयल कॅरिबियननं तेवढेच लावले आणि वर 18 टक्के बक्षिसी. सकाळचा साधा नाश्ता तेवढा दोघांनीही मोफत ठेवला. नॉर्वेजियनच्या नियमातली एक गोष्ट मला विशेष वाटली. सर्वात महागड्या, दालनासारख्या खोल्यांमधल्या लोकांना हा आकार नव्हता. जो जास्त देऊ शकतो त्याला मोफत, आणि ज्यानं वर्षभर पैसे साठवून छोटी, बिनखिडकीची खोली घेतली त्याला एका ताटाचे आपल्याकडचे सहा-सातशे रुपये.

माझा विद्यार्थी या दोन्हींपैकी कुठल्याच कंपनीत नाही, त्याची कंपनी तिसरी. तिथंही असाच आकार लागला तेव्हा तो दुसऱ्या कंत्राटावर होता. काय बदललं, विचारलं तर म्हणाला, पहिल्याच आठवड्यात फोन कमी झाले. लोकांची भूक थोडीच कमी झाली होती! ते लिफ्टनं वर जाऊन बुफेतून ताट भरून खोलीत आणू लागले. दुसरा बदल त्याच्या खिशाशी होता. पूर्वी ताट ठेवलं की लोक दोन-तीन डॉलर हातावर ठेवायचे. आता त्यांना वाटतं की पैसे तर बिलात लागलेच. बिलातले पैसे कंपनीच्या हिशेबात जातात, याच्या हातावर येत नाहीत. पगार तोच, बोळ तेवढाच लांब.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. एक म्हातारी बाई एकटीच प्रवास करायची, दरवर्षी त्याच जहाजावर. रोज रात्री एक चहा मागवायची आणि तो अर्धा प्यायची. चहा हे निमित्त होतं, तिला दार वाजायला हवं असायचं. कुठून आलास, आईला फोन केलास का, एवढं विचारायची. आकार लागल्यानंतरच्या सफरीतही ती होती, पण तिचा फोन एकदाही आला नाही. डेकवर भेटली तेव्हा म्हणाली, चहासाठी एवढे पैसे द्यायचे म्हणजे मूर्खपणा झाला. तिचं खरंच होतं. चहासाठी तेवढे पैसे देणं हा मूर्खपणाच आहे.

आता दुसरी बाजू. मोफत म्हणजे मोफत कधीच नव्हतं. जो रात्री झोपतो आणि काहीच मागवत नाही, तोही तिकिटातून दुसऱ्याच्या मध्यरात्रीच्या सँडविचचे पैसे भरत होता. मग ज्यानं खाल्लं त्यानंच द्यावं, हे न्यायाचं नाही का? आहे. आपल्याकडे 2003 साली एअर डेक्कन सुरू झाली ती याच हिशेबावर: जेवण काढा, तिकीट स्वस्त करा. ज्यांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं होतं असे कितीतरी लोक त्यामुळे विमानात बसले. मीही त्यातलीच. पुढे 2013 मध्ये सरकारनं विमान कंपन्यांना आवडीची सीट, जेवण, सामान यांचे वेगळे पैसे घ्यायची रीतसर मुभा दिली. जेवण काढल्यामुळे माझ्यासारखी एक शिक्षिका आत येऊ शकली असेल, तर त्या जेवणाबद्दल मी गळा काढणार नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे, की वस्तू तिकिटातून बाहेर काढली तेव्हा तिकीट तेवढ्यानं उतरलं का? एअर डेक्कननं आधी तिकीट स्वस्त केलं आणि मग सांगितलं की पाणी विकत घ्या. हा सौदा उघड होता. खोलीत ताट आणण्याचा आकार लावणाऱ्यानं 'तुमचं तिकीट आजपासून आठ डॉलरनं कमी' असं सांगितल्याचं माझ्या विद्यार्थ्यानं तरी त्याच्या जहाजावर ऐकलं नाही. पहिल्यात गिऱ्हाईकाला निवड मिळते. दुसऱ्यात त्याची जुनी वस्तू त्यालाच परत विकतात.

आपल्या देशातला याचा सर्वात गमतीदार नमुना 2022 च्या जून महिन्यातला आहे. दिल्लीहून भोपाळला जाणाऱ्या शताब्दीत एका प्रवाशानं चहा घेतला. चहा 20 रुपयांचा आणि त्यावर सेवा शुल्क 50 रुपये, एकूण 70. बिलाचा फोटो देशभर फिरला. रेल्वेनं सांगितलं की नियमाप्रमाणेच आहे, कारण प्रवाशानं तिकिटाबरोबर आधी जेवण-खाण नोंदवलेलं नव्हतं. टीका झाली, आणि पुढच्याच महिन्यात चहा-कॉफीवरचं ते शुल्क काढून टाकलं. आधी न नोंदवलेल्या नाश्त्या-जेवणावर मात्र 50 रुपये कायम ठेवले. मला त्या बिलातला हिशेब अजून छळतो. चहा वीसचा आणि चहा आणून देणं पन्नासचं. म्हणजे आणून देणाऱ्याच्या कष्टाची किंमत चहाच्या अडीचपट मानली. वाचायला किती छान! पण डब्यातून किटली घेऊन फिरणाऱ्या त्या पोराला त्या पन्नासातलं काय मिळालं असेल, याचा अंदाज मी माझ्या विद्यार्थ्यावरून करते.

मी भाषा शिकवते, म्हणून शब्दांत अडकते. माफ करा. 'सेवा' आणि 'शुल्क' हे दोन शब्द शेजारी बसवले की मला कसंसंच होतं. उर्दूत सेवेला ख़िदमत म्हणतात, आणि ख़िदमतचा बदला माणसं दुआत मागतात. तिची पावती फाडत नाहीत. 'सुविधा शुल्क' तर त्याहून भारी. जहाजवाले याच नावानं पैसे घेतात, आणि आपल्याकडे ऑनलाइन तिकिटावरही हेच नाव असतं. हिंदी मुलखात मात्र 'सुविधा शुल्क' हे लाचेचं सभ्य नाव आहे. नववीच्या मुलींना मी हा शब्द समजावत होते, तर एक जण म्हणाली, "आपा, सुविधा त्यांची आणि शुल्क आपलं." तिला व्याकरणात कमी मार्क पडतात, पण मी त्या दिवशी तिला शाबासकी दिली.

हॉटेलांच्या बिलात आपोआप लागणाऱ्या सेवा शुल्काचं प्रकरण तर कोर्टापर्यंत गेलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं की ते सक्तीनं लावता येणार नाही. हॉटेलवाले भांडले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. देणं ही गिऱ्हाइकाची खुशी. आमच्याकडे जेवणाच्या हॉटेलात बसल्या बसल्या वेटर विचारतो, "साधं की बाटली?" त्या प्रश्नातल्या 'साधं' या शब्दावर जो जोर असतो तो ऐकून अर्धे लोक बाटलीच सांगतात. सक्ती कुठेच नाही, बघा.

मागच्या वर्षी अम्मींना घेऊन हैदराबादला गेले. आमचे राजुऱ्याकडचे नातेवाईक निम्मे तिकडेच. राजुरा निजामाच्या राज्यात होतं, चंद्रपूर जिल्ह्यात आलं ते 1959 साली, त्यामुळे लग्नं आणि दवाखाने अजून हैदराबादलाच. गाडी चांगली होती, खुर्च्या मऊ. भाच्यानं तिकीट काढताना 'जेवण नको' असं निवडलं होतं, कारण अम्मी बाहेरचं खात नाहीत. वाढणारा मुलगा हातात यादी घेऊन आला. सीट नंबर बघायचा आणि ताट द्यायचा. आमच्या रांगेशी आला, यादी बघितली, पुढे गेला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, आमचंही नव्हतं. पण अम्मींनी असं ताट शेजारून पुढे जाताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी एका ओळीत बसलेल्यांपैकी काहींना वाढायचं आणि काहींना नाही, असं असूच शकत नाही. त्या गोंधळल्या. मग त्यांनी डबा उघडला, पराठ्यावर शामी कबाब ठेवला आणि परत येणाऱ्या त्या मुलापुढे धरला. "बेटा, सुबह से खड़ा है, तूने कुछ खाया?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं, ड्युटीवर चालत नाही म्हणाला, आणि टिश्यू पेपरात गुंडाळून खिशात ठेवला.

दादांची आठवण अम्मींनी तिथेच सांगितली. दादा हजला गेले ते मुंबईहून जहाजानं. तेव्हा गरिबांची हजयात्रा समुद्रातूनच व्हायची, 1995 पर्यंत ती जहाजं चालली. दादांना जहाज लागलं, उलट्यांनी ते चार दिवस उठले नाहीत. अकोल्याकडचा एक अनोळखी हाजी रोज त्यांच्यापर्यंत डाळ-भात घेऊन यायचा. नाव दादांना शेवटपर्यंत नीट आठवलं नाही, ते त्याला 'भातवाले भाई' म्हणत. आमच्या घराण्यात जहाजावरची रूम सर्व्हिस ती एवढीच.

सगळं मोफत मिळावं असं माझं म्हणणं नाही. फुकटेपणाचा मलाही राग आहे. पण व्यवहारात थोडं 'वरचं' असलं की दोन माणसांत काहीतरी उरतं, असं मला वाटतं. नोकरीच्या सुरुवातीला मी वडसा-देसाईगंजला होते. बल्लारशा-गोंदिया गाडीत सीताफळं घेऊन बाया चढायच्या. पैसे घेऊन झाल्यावर टोपल्यातली दोन फळं वर टाकायच्या. त्यांना विचारलं असतं की या दोन फळांचे पैसे कुणी दिले, तर त्या हसल्या असत्या. आमच्या बाजारातही भाजीवर मूठभर सांभार आणि चार मिरच्या अशाच मिळायच्या. आता सांभार वीस रुपये जुडी झालं की भाजीवाला नजर चुकवतो. मी मागत नाही, त्याची अडचण मला दिसते. पण दर उतरले की तो स्वतःहून टाकतो, हे त्याचं मोठेपण. जहाजाच्या कंपनीला दर उतरल्यावर असं काही सुचेल का, ठाऊक नाही. तिच्याकडे नजर चुकवायला माणूसच नाही, स्क्रीनवर बटण आहे.

विद्यार्थी परवा पुन्हा जहाजावर गेला. यावेळी त्यानं रूम सर्व्हिस सोडून बारमध्ये... नको, बारमध्ये नको म्हणून कॉफीच्या काउंटरवर बदली मागून घेतली आहे. तिथे लोक स्वतः चालत येतात आणि हातावर काही ना काही ठेवतात म्हणे.

इकडे आमच्या मोहल्ल्यात पाणपोईची तयारी चालू आहे. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आम्ही बोलणंही कमी करतो. नाक्यावर तीन रांजण, वर ओलं लाल कापड. पाण्याचा एक कॅन तीस रुपयांचा, दिवसाला सात-आठ लागतात. ते पैसे किराणा दुकानदार, दोन रिक्षावाले आणि आमच्या शाळेतले तिघे मिळून देतो. दुपारी रांजण भरायला कोण जाणार यावर दरवर्षी भांडण होतं, यंदाही झालं. ग्लास दोनदा चोरीला गेले, म्हणून या वेळी ते साखळीनं बांधले आहेत.