दिवसाला चार मिलिमीटर

पतंग म्हटलं की कुणाला संक्रांत आठवते, कुणाला दिव्यावर जीव टाकणारा शायरीतला परवाना आठवतो. मला मात्र हल्ली पतंग म्हटलं की डम्पी लेव्हल आठवते. हसू नका! मी सिव्हिलची आहे हे एक कारण झालंच, पण दुसरं कारण जास्त मोठं आहे आणि ते सांगण्यासाठीच मॅगझिनची ही दोन पानं अडवली आहेत.

पतंगांचं एक मोठं कुळ आहे, जिओमेट्रिडी. नाव ग्रीक आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'जमीन मोजणारे'. हे नाव पडलं त्यांच्या अळीवरून. साध्या अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय असतात आणि मागे पोटाखाली मांसल खोट्या पायांच्या बऱ्याच जोड्या. या कुळातल्या अळीला मागच्या फक्त दोनच जोड्या, त्याही अगदी शेपटाकडे. मधे पायच नाहीत! मग ती चालणार कशी? मागचे पाय रोवायचे, अंग पुढे ताणायचं, पुढचे पाय टेकवायचे आणि मागचं टोक ओढून पुढच्याला भिडवायचं. त्या वेळी मधली पाठ कमानीसारखी वर येते. आपण वितीने बाक मोजतो ना, अगदी तसं. एक वीत, दोन वीत, तीन वीत...

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला 'लूपर' हा शब्द आधी भेटला आणि 'उंटअळी' हा नंतर. उंटअळी हा शब्द आजोबांचा. ते मोजणी खात्यात होते. सगळी नोकरी साखळी, प्लेन टेबल आणि लोकांच्या बांधांची भांडणं यांत गेली. मी सर्व्हेइंगला आहे हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद माझ्या दहावीच्या पर्सेंटेजपेक्षा मोठा होता. त्यांना या पतंगांचं नाव सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आमच्याच खात्यातले की! अगं, आपल्या सोयाबीनवर असते ती उंटअळी." मी नंतर शोधलं. सोयाबीनवरची हिरवी उंटअळी वेगळ्या कुळातली निघाली. तिला खोट्या पायांची एक जोडी जास्त असते, म्हणून तिची कमान जरा बुटकी. आजोबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "मग ती शिकाऊ समज."

जगात या कुळाच्या सुमारे २३ हजार जाती आहेत. बारीक अंग, कागदासारखे पातळ पंख, आणि बसताना पंख भिंतीला सपाट चिकटवून बसायची सवय. आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली जे पाहुणे येतात, त्यांत असे चपटे बसणारे बरेच असतात. माझी रूममेट त्यांना झाडू दाखवते आणि मी झाडू लपवते. असो.

या कुळाची खरी श्रीमंती आहे ती उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ जंगलांत. आता चला बोर्निओ बेटावर! मलेशियाच्या साबा राज्यात किनाबालू नावाचा पर्वत आहे. उंची ४०९५ मीटर. कदाझान-दुसुन हे तिथले मूळ लोक. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मेलेल्यांचे आत्मे या पर्वतावर विसाव्याला जातात. पायथ्याशी दमट, उंच झाडांचं जंगल. थोडं वर ओकच्या कुळातली झाडं. आणखी वर गेलं की ढगांत बुडालेलं, शेवाळाने लडबडलेलं ठेंगणं जंगल, ऱ्होडोडेंड्रॉन आणि घटपर्णी. साधारण ३७०० मीटरच्या वर झाडी संपते आणि उघडा ग्रॅनाइट सुरू होतो. म्हणजे एकाच डोंगरावर मजल्यागणिक वेगळं जग! आणि प्रत्येक मजल्यावरचे पतंगही वेगळे, कारण अळीला तिचं ठरावीक झाड लागतं आणि पतंगाला त्याची ठरावीक हवा.

१९६५ साली काही तरुण मंडळी या डोंगरावर गेली. त्यांत जेरेमी हॉलोवे होते आणि हेन्री बार्लोही. वेगवेगळ्या उंचीवर मुक्काम करायचा, रात्री दिवा लावायचा, दिव्यावर येणारे पतंग गोळा करायचे आणि कुठल्या उंचीला कुठली जात किती मिळाली ते लिहून ठेवायचं, एवढंच काम. हॉलोवेंनी पुढे आयुष्यच या विषयाला दिलं. 'द मॉथ्स ऑफ बोर्निओ' ही त्यांची अनेक भागांची ग्रंथमाला प्रसिद्ध आहे. पण १९६५ साली हवामान बदलाची चर्चा आजच्यासारखी सगळीकडे नव्हती. हे आकडे पुढे कुणाच्या आणि कशाच्या उपयोगी पडतील, हे त्या रात्री दिव्यापाशी बसलेल्यांना कुठून कळणार?

२००७ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, दुसरी मोहीम निघाली. यॉर्क विद्यापीठात पीएच.डी. करणारी तैवानची आय-चिंग चेन, तिचे मार्गदर्शक आणि मलेशियातले सहकारी. सोबत बार्लोही होते, आता वयस्कर झालेले. जुने फोटो हाताशी धरून त्यांनी १९६५ च्याच जागा शोधल्या आणि पुन्हा दिवे लावले. मग दोन्ही वेळच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जमीन मोजणाऱ्या या पतंगांच्या १०२ डोंगरी जाती बेचाळीस वर्षांत सरासरी ६७ मीटर वर सरकल्या होत्या.

ही सरासरी आहे. प्रत्येक जात बरोबर तेवढीच चढली असं कुणी समजू नये. पण कल स्पष्ट होता. आणि झाडं तोडली म्हणून बिचारे वर गेले असंही म्हणता येत नाही, कारण किनाबालूचा हा भाग १९६४ पासून संरक्षित उद्यानात आहे. जंगल जागेवर राहिलं. हवा गरम झाली.

आता आपण इंजिनिअर लोक. आकडा दिसला की भागाकार करायचाच. ६७ मीटर भागिले ४२ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण १.६ मीटर. त्याला ३६५ ने भागा. दिवसाला चार मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त! आपण लेव्हलिंगला स्टाफ वाचतो ना, त्यावरचा सगळ्यात लहान भाग पाच मिलिमीटरचा असतो. म्हणजे रोजची सरक स्टाफच्या एका घराएवढीसुद्धा नाही. डोळ्यांनी ती दिसणं शक्यच नाही. ती दिसली ती फक्त दोन फील्ड बुकं शेजारी ठेवल्यावर. याच चेन यांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जगभरातल्या अशा नोंदी एकत्र केल्या. तेव्हा प्राणी-वनस्पतींची वर सरकण्याची मध्यम गती दशकाला ११ मीटर निघाली. किनाबालूचे पतंग दशकाला सोळा मीटर चढले होते.

आता कुणी म्हणेल, मग बरं झालं की! खाली उकडलं, वर गेले, प्रश्न मिटला. माझी मैत्रीण हेच म्हणाली. "आपण नाही का उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात?" तिला मी जे दोन मुद्दे सांगितले ते इथेही सांगते.

पहिला मुद्दा. थंड प्रदेशातला जीव वर्षभरात कडाका आणि उन्हाळा दोन्ही पाहतो, त्याचं अंग त्याला सरावलेलं असतं. विषुववृत्ताजवळच्या डोंगरावर एका उंचीचं तापमान वर्षभर जवळजवळ तेच. डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञाने १९६७ सालीच मांडलं होतं की म्हणूनच उष्ण कटिबंधातल्या जिवांना डोंगराची खिंड जास्त 'उंच' वाटते. त्यांच्या हवेचा पट्टाच अरुंद. आपल्याला एक अंशाचा फरक म्हणजे पंखा दोनवरून तीनवर करणं. त्यांना तो आख्खा पत्ता बदलणं.

दुसरा मुद्दा सरळ गणिताचा. डोंगर म्हणजे ढोबळमानाने शंकू धरा. एखाद्या उंचीपासून शिखरापर्यंतच्या अंतरात अर्धं वर गेलात, तर वर उरलेली जागा अर्धी होत नाही, चौथाई होते. वर जाल तसं घर लहान, चारा कमी. आणि शेवटी काय? शेवटी ग्रॅनाइट. दगडावर अळीने खायचं काय? पतंग एका रात्रीत उडून वर जाईल, पण झाडाला पाय नाहीत. त्याला बी टाकायचं, रुजायचं, वाढायचं. अळी झाडाच्या पुढे जाऊ शकत नाही. खालच्या मजल्यावरच्यांना निदान वरचा मजला आहे. गच्चीवर राहणाऱ्यांनी कुठे जायचं?

मला झोंबलं ते हेच. महाबळेश्वरला गेलेला माणूस जूनमध्ये खाली येतो. हे खाली येणार नाहीत.

यात आपला सह्याद्री कुठे बसतो? महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. किनाबालूच्या निम्मंसुद्धा नाही. ट्रेकला आपण वर जाऊन ओरडतो, "सगळ्यात टॉपला!" आपल्याला टॉप म्हणजे फोटो काढायची जागा. तिथल्या एखाद्या लहान जिवाला ती जिन्याची शेवटची पायरी आहे, आणि जिनाच मुळात आखूड आहे.

आता डम्पी लेव्हलकडे येते. सर्व्हे कॅम्पला उन्हात स्टाफ धरून उभं असताना आपण सगळेच कुरकुरतो. "कशाला हे? ड्रोन आला, जीपीएस आला." फील्ड बुकात खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून वर लिहायचं, खाली सही, तारीख, हवा कशी होती ते. मला हे सगळं मार्कांसाठीचं कर्मकांड वाटायचं. हे पतंग वाचल्यानंतर वाटत नाही. १९६५ च्या त्या वहीत एका मुक्कामाची उंची आळसाने अंदाजे टाकली असती, तर ६७ मीटरला काही अर्थ उरला असता का? बेंचमार्क आधी ठोकून ठेवावा लागतो. घर कलल्यावर बेंचमार्क शोधून उपयोग नाही. हे वाक्य आमच्या सरांचं आहे, बिल्डिंगच्या सेटलमेंटबद्दल. डोंगरालाही ते तितकंच लागू पडतं.

आजोबांना ही ६७ मीटरची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही मोजणी केली ती नेहमी कुणाची तरी हद्द कुठे आहे हे सांगायला. यांची हद्दच चालायला लागली म्हणायची." मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्याकडे वही आहे का?"

नव्हती. आता आहे. या पावसाळ्यापासून आमच्या विंगमधल्या चौघी दर अमावास्येच्या रात्री एक तास टेरेसवर पांढरी चादर आणि एक दिवा लावून बसणार आहोत. अमावास्या अशासाठी की चांदण्यात दिव्यावर पतंग कमी येतात. दिवा दर वेळी तोच, जागा तीच, वेळ आठ ते नऊ. कुणालाही मारायचं नाही, फोटो काढायचे, मोजायचे, लिहायचं. टेरेसची उंची आम्ही कॉलेजच्या बेंचमार्कवरून लेव्हल लावून काढली आहे, तीनदा, आणि क्लोजिंग एरर मर्यादेत आहे याची नोंद घ्यावी! वही सर्व्हे लॅबच्या कपाटात ठेवायला सरांनी परवानगी दिली आहे, म्हणजे आम्ही पास होऊन गेलो तरी ती इथेच राहील.

त्यातून काय निघेल? कदाचित काहीच नाही. बेचाळीस वर्षांनी मी बासष्ट वर्षांची असेन. तेव्हा इथल्या कुणा पोरीला ते कपाट उघडावंसं वाटलं, तर तिला पहिल्या पानावर तारीख, उंची आणि हवा नीट वाचता यावी, एवढंच आमच्या हातात आहे.

फर्स्ट इयरच्या मुलींनो, अक्षर बरं असेल तर अमावास्येला टेरेसवर या. चादर धरायला एक जण कमी पडते.