मुलांचे केस का गळतात?

केशलोच हा दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांपैकी एक. मुनिराज स्वहस्ते केस उपटतात, तेव्हा आपण भक्तिभावाने हात जोडून उभे राहतो. देहाचा मोह सोडावा, हा त्यातील बोध. मात्र घरातील एखाद्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला की हा बोध आपण विसरतो. हिंगोलीच्या आमच्या घरी नातीला असा चट्टा पडला, तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘पुढे लग्नाचे कसे’ हे दोन प्रश्न आधी आले; कारणाचा विचार मागाहून झाला.

त्वचारोगतज्ज्ञांनी चाईचे निदान केले. चाईत शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते. चट्टा गुळगुळीत असतो आणि तो संसर्गाने पसरत नाही. पुष्कळ मुलांचे केस परत येतात, काहींचे पुन्हा गळतात. म्हणून धीर हवा.

खवले, खाज आणि तुटके केस दिसले तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. त्याला केवळ मलम पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटातून काही आठवडे औषध द्यावे लागते आणि कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवावे लागतात. घट्ट वेण्यांनी कपाळालगतचे केस विरळ होतात. काही मुले मनावरील ताणामुळे स्वतःच केस उपटतात. त्यांना रागावू नये, जवळ घेऊन बोलते करावे.

टायफॉइड, डेंग्यू, शस्त्रक्रिया किंवा फार कमी आहार यांनंतर केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर खर्च आधीच पडलेला असतो, नोंद आज दिसते. लोहाची कमतरता व थायरॉइडचे विकारही कारण ठरतात. ते रक्ततपासणीत कळतात.

कारण कधी घरातल्या धान्यातही असू शकते. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांतील लोकांना काही दिवसांतच टक्कल पडले. त्यांत मुलेही होती. प्रथम संशय पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक तपासणीस आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्र अभ्यास करून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचेही त्यांना आढळले. सेलेनियम शरीराला अत्यल्प लागते. ते अति झाले की केस गळतात, नखे ठिसूळ होतात. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतही ते असते. म्हणून अशा गोळ्या मुलांना परस्पर देऊ नयेत.

आपण अडतीवर आलेल्या प्रत्येक पोत्याची नोंद ठेवतो. तशीच मुलाची ठेवावी: ताप कधी आला, औषध कोणते दिले, उपवास किती झाले, धान्य कोठून आणले. मागील तीन महिन्यांची ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की निदान सोपे होते. त्याचबरोबर शाळेतील बाईंना विश्वासात घ्यावे आणि मुलाला समारंभांपासून दूर ठेवू नये. केसांवाचून त्याचे फारसे अडत नाही. आपल्या लाजेने मात्र ते कोमेजते.